सोनू, रात्री दोनला घोकलेले शब्द टिकत नाहीत

जळगाव

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू बोलता बोलता फोन ठेवलास आणि मीही परत लावला नाही. अंगात ताप असताना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत याद्या घोकू नकोस, एवढंच म्हणत होते. असो. तापाचा विषय या पत्रात काढणार नाही. मुंबईच्या स्क्रॅबल स्पर्धेआधी, म्हणजे सोंगट्यांवरची अक्षरं बोर्डावर जुळवायच्या तुझ्या त्या इंग्रजी खेळासाठी, नेमके कोणते शब्द करू, असं तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर लिहिते.

सगळ्यात आधी मोबाईलमधलं ॲप कोणत्या यादीवर आहे ते बघ. आपल्याकडे स्क्रॅबलच्या स्पर्धांत कोणता शब्द चालतो ते कॉलिन्सच्या यादीवरून ठरतं. ॲप अमेरिकन यादीवर असेल तर सी-एच, झेड-ओ असले चालणारे शब्द ते चूक दाखवील आणि तू ते सोडून देशील.

मग दोन अक्षरी शब्द. 2019 च्या कॉलिन्स यादीत ते 127 आहेत. ते सगळेच्या सगळे आले पाहिजेत, इथे सूट नाही. कारण साधं आहे. बोर्डावरच्या शब्दाला चिकटून समांतर शब्द लावायचा तर वर-खाली होणारी प्रत्येक जोडीही शब्द असावी लागते. जोड्या पाठ असल्या की जागाच जागा दिसते, आणि एकाच सोंगटीचे दोन्हीकडून गुण मिळतात. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही. सी असलेला फक्त सी-एच. म्हणून ही दोन अक्षरं हातात अडकतात, ती वेळेत खपव. उलट नुसते स्वर आले तर ए-ए, ए-ई, ए-आय, ओ-ई, ओ-आय, ओ-यू आहेतच.

क्यू एकच असतो, दहा गुणांचा. यू येईल म्हणून त्याला धरून बसू नकोस. क्यू-आय लाव आणि मोकळा हो. यूशिवायचे बाकीचे तुला घोकायचीही गरज नाही : फकीर, काजी, तलाक, निकाब हे सगळे क्यू घालून त्या यादीत आहेत. म्हणूनच "तिथे सगळे कॉन्व्हेंटची पोरं असतात" हे तुझं बोलणं मला पटलं नाही. ज्वारी, बाजरी, लाख, कोटी, धोतर, तबला, सगळं चालतं त्या बोर्डावर. ब्रिंजल बघ. बरोबर सात अक्षरं. पहिल्याच डावात बी मधल्या घरावर ठेवलास तर जे आपोआप दुप्पट अक्षराच्या घरावर पडतो. मग तीन, एक, एक, एक, सोळा, एक, एक मिळून 24. मधलं घर शब्द दुप्पट करतं, ते झाले 48, आणि सातही सोंगट्या लावल्याचे 50. एकूण 98. भरिताच्या वांग्यावर 98 गुण! नायजेल रिचर्ड्स हा न्यूझीलंडचा माणूस फ्रेंच बोलत नव्हता, तरी 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. तुला तर इंग्रजी येतं. अडखळतोस, पण येतं.

सात अक्षरींसाठी पहिल्या अक्षराच्या क्रमाने याद्या घोकू नकोस. हातात सोंगट्या त्या क्रमाने येत नाहीत. कार्डाच्या एका बाजूला अक्षरं वर्णक्रमाने लिही, ए-ई-आय-एन-आर-एस-टी अशी, आणि मागे त्यातून होणारे सगळे शब्द : रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर, स्टेनर, स्टिअरिन, रेट्सिना, अँट्सिअर वगैरे. पुढची बाजू बघायची, मागचे शब्द तोंडपाठ म्हणायचे, चुकलेलं कार्ड दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात वर ठेवायचं. दिवसाला 30 पुरे. त्यापुढे डोकं घेत नाही, आणि झोप नसली तर तेवढेही घेत नाही. रात्री दोनला केलेली कार्डं सकाळी कोरी असतात, सोनू. बघ, आलंच शेवटी. रागावू नकोस.

स्कूटरवर बाबांच्या पुढे उभा राहून मेहरूणपर्यंत तू ट्रकांच्या नंबरप्लेटी वाचायचास. एम-एच-19 गेलं की ओरडायचास, धुळ्याचं 18 दिसलं की आत्या आली म्हणून. अक्षरं तुला तेव्हापासून दिसतात. मोठी आई अजून सांगत बसते सगळ्यांना. काल फोन ठेवल्यावर तिने एवढंच विचारलं, "पोऱ्यानं जेवण व्हयनं का?" मला उत्तर देता आलं नाही.

एस चारच आहेत आणि कोऱ्या सोंगट्या दोनच, शंभरात. दोन-तीन गुणांसाठी एस घालवू नये. आठ-दहा जास्त मिळत असतील तरच. कोरी तर सात अक्षरी शब्दासाठीच राखायची. सोंगट्या बदलायच्या तर पिशवीत निदान सात उरलेल्या असाव्या लागतात, हे शेवटी शेवटी विसरलं जातं. प्रत्येकाला 25 मिनिटं, आणि पुढच्या प्रत्येक मिनिटाला 10 गुण कापले जातात. तू अवघड शब्दावर अडून बसतोस. बसू नकोस, 20 गुणांचं दिसतंय ते लाव. शब्दाला हरकत घेतली आणि तो बरोबर निघाला तर काय दंड आहे, हे पोहोचल्याबरोबर आयोजकांना विचार. तो सगळीकडे सारखा नसतो.

पुष्कळ शिकवलं. तू लहान नाहीस, हे मला कळतं. पण ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नसेल तर रक्त तपासून घे, प्लेटलेट्ससकट, आणि रिपोर्ट बाबांना पाठव, मला नको पाठवूस हवं तर. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते. कानबाईच्या सणाला सुट्टी मिळाली तर ये. नैवेद्याच्या रोटांचं धान्य निवडून ठेवलंय. नाही जमलं तर तिकिटाच्या पैशांत मोसंबी आण आणि खा.

तुझी,
आई