सामायिक प्रिंटरबाबत सर्व सभासदांसाठी सूचना

विंडोज संगणकावरून सामायिक केलेला प्रिंटर लिनक्स किंवा मॅकवर दिसेनासा झाल्यास ड्रायव्हर काढून पुन्हा बसविण्याची घाई कृपया करू नये, कारण बहुतेक वेळा दोष ड्रायव्हरचा नसून दोन यंत्रणांची एकमेकींशी ओळख न पटण्याचा असतो. प्रथम तो विंडोज संगणक सुरू आहे ना आणि त्याचे नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवले आहे ना, एवढे पाहावे. त्यानंतर संगणकाच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील आकडी पत्ता) टाकून जोडणी करावी. पत्त्याने छपाई झाली आणि नावाने झाली नाही, तर अडचण केवळ नाव शोधण्यात आहे.

मॅकच्या रांगेत काम 'होल्ड फॉर ऑथेंटिकेशन' असे दाखवून अडकून राहिले, तर तेथे आपल्या मॅकचा नव्हे, तर त्या विंडोज संगणकावरील खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. ही चूक सर्वाधिक होते.

जुनी उपकरणे चालावीत म्हणून एसएमबी १ (फायली व प्रिंटर सामायिक करण्याची विंडोजची जुनी प्रणाली) सुरू करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो कृपया मानू नये. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस याच प्रणालीतील त्रुटीतून पसरला होता, आणि त्याच वर्षापासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत ती मुळात बसविली जात नाही.

प्रिंटरला स्वतःची नेटवर्क जोडणी असल्यास मधला संगणक वगळून आयपीपीने (नेटवर्कवरून छपाई करण्याच्या प्रमाणित पद्धतीने), म्हणजे पोर्ट ६३१ वरून, थेट छापणे सर्वांत सोयीचे ठरते. मात्र त्यासाठी राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता राखून ठेवावा, म्हणजे तो बदलणार नाही.