लाकूड दुर्वाहक, पण कोरडे असेल तरच

महोदय,

वळवाचा पहिला पाऊस झाला की कृष्णाकाठच्या गावांतून विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि त्या वाचताना मला माझ्या थोरल्या भावाच्या हातातला कळक आठवतो. पलूस तालुक्यातील आमच्या शेतात मोटरची केबल चिखलात लोळत होती आणि तिच्या जोडावरची टेप सुटली होती. लाइट जाण्याआधी उसाचे पाणी पुरे व्हावे म्हणून मोटर बंद न करताच, बांधावरच्या कळकाने केबल उचलून दगडावर ठेवावी, असे त्यांनी ठरवले. कळक रात्रभर पावसात भिजलेला होता. त्याचे टोक जोडाला लागताच त्यांच्या दोन्ही मुठी अशा आवळल्या गेल्या की सोडू म्हटले तरी सुटेनात. शेजारच्या शेतातील गड्याने धावत जाऊन पेटीतला मेन स्विच खाली ओढला म्हणून ते वाचले. भानावर आल्यावर ते पहिल्यांदा म्हणाले, ‘‘आरं, लाकूडच होतं की ते!’’

हे वाक्य मला आजही टोचते. विज्ञानाचा शिक्षक म्हणून ‘लाकूड, रबर, काच, प्लॅस्टिक : दुर्वाहक’ ही यादी मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली, लाकडामागे ‘कोरडे’ हा शब्द मात्र कधी लिहिला नाही. वाळलेल्या लाकडातील बारीक पोकळ्यांत हवा असते, तर भिजलेल्या लाकडात तिची जागा पाणी घेते. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी विजेचे फारसे वहन करत नाही. परंतु नदीच्या, विहिरीच्या आणि शेतातल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात आणि त्यांच्यामुळेच वीज वाहते. म्हणून सुक्या लाकडाच्या तुलनेत ओल्या लाकडाचा रोध लाखो पटींनी घटू शकतो.

उष्णतेच्या बाबतीत हेच ज्ञान आपल्या घरातील बायकांना पुस्तकाविना आहे. चुलीवरचे पातेले उतरवताना फडके ओले असेल तर त्या ते बाजूला ठेवून कोरडे घेतात. सुक्या फडक्याच्या धाग्यांत अडकलेली हवा उष्णता अडवते. पाणी हवेच्या वीस पटींहून अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओल्या फडक्यातून चटका क्षणात हाताला लागतो. स्वयंपाकघरातली ही सावधगिरी मोटरच्या पेटीपाशी पोहोचलेली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्या कातडीलाही हाच नियम लागू आहे. कोरड्या, निबर कातडीचा रोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो; भिजल्यावर शरीराचा एकूण रोध हजार ओहमच्या आसपास येतो. घरातील २३० व्होल्टचा हिशेब केला तर पहिल्या स्थितीत शरीरातून सुमारे २ मिलिअँपिअर प्रवाह जाईल आणि दुसऱ्या स्थितीत २३०. माणसाचा जीव जाण्यास याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. घरगुती आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा आपोआप बंद करणारी कळ, ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडते, ती याच कारणाने.

शाळेतल्या प्रयोगाबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा बल्ब आणि दोन तारा घेऊन मुले पदार्थ तपासतात. बल्ब लागला तर सुवाहक, नाही तर दुर्वाहक. हा बल्ब उजळायला साधारण ३०० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे आरसीसीबी ज्या गळतीला धोका मानते तिच्या दहापट. ओली काठी किंवा नळाचे पाणी या मंडलात जोडले की बल्ब लागत नाही आणि मूल वहीत ‘दुर्वाहक’ असे लिहून मोकळे होते. प्रयोग नीट झालेला असतो, पण त्यातून निघालेला निष्कर्ष २३० व्होल्टच्या जगात प्राणघातक ठरू शकतो.

वास्तविक या विषयाची सुरुवातच सुतळीने झाली आहे. १७२९ साली इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे यांनी घर्षणाने निर्माण केलेली वीज शेकडो फूट लांब सुतळीतून नेली; सुतळीला आधार रेशमी धाग्यांचा होता तोवर प्रयोग जमला आणि त्या जागी पितळी तार लावताच फसला. आज आपल्या दारातल्या खांबावर रेशमाऐवजी चिनी माती आहे. तिला चकाकी चढवतात, म्हणजे पाणी आत मुरत नाही, आणि छत्रीसारखे घेर देतात, म्हणजे पावसातही खालची बाजू कोरडी राहते. तो इन्सुलेटर फुटला किंवा त्यावरची धूळ पहिल्या सरीने ओली झाली, तर वीज खांबात आणि ताणात, म्हणजे खांबाला आधार देणाऱ्या तिरप्या तारेत, उतरू शकते. म्हणूनच ताणाला जनावर बांधू नये आणि कपडे वाळवायला तार न वापरता नायलॉनची दोरी वापरावी.

शाळा जूनमध्ये उघडतील तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनी बल्बऐवजी नऊ व्होल्टची बॅटरी आणि रोधक जोडलेला एलईडी घ्यावा, अशी माझी विनंती आहे. एलईडी अगदी थोड्या प्रवाहावर लागतो. दोन तारांची टोके बोटभर अंतरावर ठेवून मध्ये आधी सुकी सुतळी लावावी आणि मग तीच सुतळी मिठाच्या पाण्यात बुडवून पुन्हा लावावी. हा प्रयोग फक्त बॅटरीवरच करायचा, घरच्या प्लगवर कधीही नाही, हेही त्याच वेळी सांगावे. वहीतल्या तक्त्यात ‘पदार्थ’ आणि ‘निष्कर्ष’ यांच्यामध्ये ‘कोरडा की ओला’ असा आणखी एक रकाना आखून घ्यावा.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ता. पलूस, जि. सांगली