फॉन्ट बदलूनही ‘ल’ हिंदीच का दिसतो?

महोदय,

ठाण्यातल्या शाळा-वाचनालयांत जुन्या संगणकांवर लिनक्स मिंट ही मोफत संगणक प्रणाली बसवणाऱ्यांनी फॉन्टकडेही लक्ष द्यावे. सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘फॉन्ट सिलेक्शन’मध्ये नाव बदलले की काम झाले, असे वाटते, प्रत्यक्षात बदलतात फक्त इंग्रजी अक्षरे. मिंटच्या मूळ उबुंटू फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच, त्यामुळे फॉन्ट निवडून देणारी ‘फॉन्टकॉन्फिग’ ही यंत्रणा देवनागरी अक्षरे दुसऱ्या फॉन्टमधून उचलते. म्हणून आधी ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ हे पॅकेज बसवावे, होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिग (.config) या लपलेल्या फोल्डरातील फॉन्टकॉन्फिग फोल्डरात ‘फॉन्ट्स डॉट कॉन्फ’ (fonts.conf) फाइल करून सॅन्स-सेरिफ या साध्या वळणाच्या फॉन्टगटाच्या पसंतीक्रमात ‘नोटो सॅन्स देवनागरी’ लिहावे, मग टर्मिनलमध्ये ‘एफसी-कॅश’ (fc-cache) ही फॉन्टची यादी ताजी करणारी आज्ञा चालवून पुन्हा लॉगिन करावे.

तरीही उभ्या दांड्याचा हिंदी ‘ल’ दिसतोच. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ याच फॉन्टमध्ये असतात, पण मजकूर मराठी आहे हे प्रणालीला कळले तरच ते उमटतात. त्यासाठी प्रणालीची भाषा ‘मराठी, भारत’ निवडावी. लिब्रेऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा वेगळी ठरवावी लागते. तिथे ‘हिंदी’ राहिले तर छापील पानावरही हिंदी वळणच येते. राज्य शासनाने २००९ मध्ये हीच मराठी वळणे प्रमाण ठरवली आहेत. मुलांच्या डोळ्यांसमोर तीच असायला हवीत.

फॉन्टचा आकार १० ऐवजी ११ ठेवावा, जोडाक्षरे सुटी वाचता येतात. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या फाइली मात्र याने सुधारणार नाहीत, त्यांचे रूपांतरच करावे लागते.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे