बाळूकाकांना एवढं विचारा

ओस्नाब्रुक, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही हसलात, "मौलवी व्हायला कसली आलीय युनिव्हर्सिटी?" मी बसमध्ये होते, नीट सांगता आलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीने इथल्याच विद्यापीठात इस्लामी धर्मशास्त्राची पदवी घेतलीय. १९६१मध्ये जर्मनीने कामगार आणण्यासाठी तुर्कस्तानशी करार केला, त्यानंतर तिचे आजोबा तिकडून इथे कारखान्यात कामाला आले. मशिदीत इमामही तिकडूनच यायचे, तुर्की सरकारच्या पगारावर, आणि काही वर्षांनी परत जायचे. आजोबांचं भागलं. नातवंडांना मात्र ते तुर्की प्रवचन धड कळेना, आणि इमामांना जर्मन येईना. २०१०मध्ये इथल्या विज्ञान परिषदेने (उच्चशिक्षणावर सरकारला सल्ला देणारी संस्था) इस्लामी धर्मशास्त्र विद्यापीठांत शिकवावं अशी शिफारस केली, मग ट्युबिंगन, म्युन्स्टर, ओस्नाब्रुक, फ्रँकफर्ट, एर्लांगन इथे हा विषय सुरू झाला.

पण पदवी पडली पुस्तकी. प्रत्यक्ष काम शिकवायला २०२१पासून इथे 'इस्लामकोलेग' ही संस्था आहे, तिथेच ती आता जाते. दोन वर्षं, सगळं जर्मनमधून, पैसा केंद्राचा आणि राज्याचा. कुराणपठण, प्रवचन, नमाजाचे विधी, शिवाय नागरिकशास्त्र आणि आजारी-दुःखी माणसांना धीर देणं. बाई कशी इमाम होणार, असं आई विचारेलच. नमाज पढवायची तिला हौस नाही, तिला हॉस्पिटलात काम करायचंय. सध्या रुग्णाच्या उशाशी बसून काय बोलावं ते शिकतेय. म्हणाली, आधी गप्प बसायला शिकवतात. (आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांसाठी असा वर्ग काढायला हवा.)

खरी अडचण पुढेच आहे. चर्चच्या सभासदांकडून आयकरावर आठ-नऊ टक्के चर्चकर सरकारच गोळा करून देतं, त्यातून पाद्र्यांना पगार मिळतो. मशिदींना असला कर नाही, सगळं देणगीवर. त्यामुळे इतकं शिकून तिच्या बरोबरीचे कितीतरी जण शाळेत धर्माचे शिक्षक होतात. २०२३च्या डिसेंबरात तुर्कस्तानशी ठरलं की तिकडून इमाम पाठवणं हळूहळू बंद करायचं आणि वर्षाला १०० जण इथेच तयार करायचे. तयार होतीलही. पण पोट कशावर भरायचं, ते मला त्यात कुठे दिसलं नाही.

बाळूकाका आठवले. आळंदीला जोगमहाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं काढली आणि नंतर गावोगाव कीर्तनं. मी तिला त्यांच्याबद्दल सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, "मग घर कसं चालायचं?" मला उत्तर येईना. बाबा, काकांना विचारून कळवा ना, सुरुवातीला बिदागीवर खरंच भागायचं का, की काकूंच्या शिवणावर?

तुमची,
मनू