ताडपत्रीची वेलांटी

नौपाडा, ठाणे
७ डिसेंबर २०२५

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. चिरंजीव सीमेवर असल्यापासून तुला झोप लागत नाही, हे वाचून वाद घालण्याचे धाडस होईना. पण शत्रू दाराशी उभा असताना सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरणारे युक्रेनचे लोक नकळत शत्रूचेच काम करतात, हे तुझे म्हणणे मला पटलेले नाही, आणि न पटलेले पोटात ठेवून तुझ्याशी गोड बोलणे मला आजवर जमलेले नाही.

मुळात ते उतरले कशासाठी? २२ जुलैला तिथल्या संसदेने २६३ मतांनी एक कायदा मंजूर केला आणि राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी त्याच दिवशी त्यावर सही केली. भ्रष्टाचाराच्या बड्या प्रकरणांचा तपास करणारा ‘नाबू’ हा ब्युरो आणि ते खटले चालवणारे खास अभियोक्ता कार्यालय, या दोहोंवर महाअभियोक्त्याचा हुकूम चालावा, अशी त्यात तरतूद होती. महाअभियोक्त्याला संसदेच्या संमतीने नेमतात ते राष्ट्राध्यक्षच. तेव्हा कोणती फाइल कोणाच्या टेबलावर जाऊन झोपणार, हे तुला सांगायला नको. आदल्याच दिवशी सुरक्षा यंत्रणेने नाबूच्या अधिकाऱ्यांवर छापे घातले होते, आणि निमित्त दिले होते रशियन हस्तकांचे.

लष्करी कायद्यामुळे सभांना बंदी आणि मध्यरात्रीपासून संचारबंदी, तरीही आपण गडकरी रंगायतनासमोर तलावपाळीवर जमतो तसे कीव्हचे लोक इव्हान फ्रँको नाट्यगृहापाशी, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाजवळ जमले. बहुतेक तरुण होते, हातात पुठ्ठ्यांवर मार्करने लिहिलेले फलक. युद्धात जायबंदी होऊन परतलेले सैनिकही त्यांत होते. लढाई थांबवा, असे ते म्हणत नव्हते, तो कायदा मागे घ्या म्हणत होते. ३१ जुलैला त्याच संसदेने ३३१ मतांनी नाबूचे स्वातंत्र्य परत दिले. युरोपीय संघानेही डोळे वटारले होते, त्यामुळे सारे श्रेय पुठ्ठ्यांना देणार नाही. शत्रू अशा निदर्शनांचे भांडवल करतो, हेही तुझे खरेच. परंतु नोव्हेंबरमध्ये याच नाबूने सरकारी अणुवीज कंपनीच्या ठेकेदारांकडून १० ते १५ टक्के उकळले जात असल्याचे प्रकरण बाहेर काढले, दोन मंत्री गेले, आणि २८ तारखेला खुद्द राष्ट्राध्यक्षांचे उजवे हात येरमाक यांना राजीनामा द्यावा लागला. जुलैचा कायदा टिकला असता, तर हा तपास तडीस गेला असता का?

आता तुला आजवर न सांगितलेले सांगतो. २००५ च्या महापुरानंतर मी लेखापरीक्षणात असताना ताडपत्र्यांच्या खरेदीची एक फाइल माझ्याकडे आली. तीन पुरवठादारांची तीन दरपत्रके, आणि तिन्हींत ‘ताडपत्रि’ असा एकाच वळणाचा, तीच ऱ्हस्व वेलांटी असलेला शब्द. मी हरकत काढली, तेव्हा साहेब म्हणाले, “लोक भिजतायत आणि तुम्ही वेलांट्या कसल्या मोजताय? ही वेळ आहे का?” मी सही केली. त्या ताडपत्र्या पहिल्याच उन्हात तडकल्या. तिकडे युक्रेनमध्ये २०२३ च्या जानेवारीत सैन्यासाठी १७ रिव्हनियांना (तिथले चलन) एक अंडे घेतल्याचे उघड झाले, दुकानात ते साधारण सातला मिळत असताना, तेव्हा मला प्रथम ती वेलांटीच आठवली.

आपल्याकडचेच बघ ना. २६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी जाहीर झाली, चिनी फौजा नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, शिरलेल्या होत्या, आणि तरीही ८ नोव्हेंबरपासून लोकसभेत उघड चर्चा झाली. गुप्त बैठकीची सूचना नेहरूंनी मानली नाही. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना खाते सोडावे लागले आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण गेले, म्हणून तर ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असे म्हणत आपण आजही पाठ थोपटून घेतो. (यशवंतरावांच्या फोटोखाली तूच ते वाक्य लावले होतेस.)

चिरंजीव रजेवर आला की कळव. त्याच्याकडून मला बूट, जॅकेट आणि शिध्याविषयी बरेच विचारायचे आहे, तुझ्यासमोरच विचारीन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक