अथेन्सहून घरी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
मधुराचा शिरसाष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती ठणठणीत आहे आणि उन्हात मी टोपीशिवाय जात नाही, तेव्हा आईने काळजी करू नये. तुम्ही संध्याकाळी केलेला फोन मी उचलत नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटले. पण इथे उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५.३० ही कायद्याने ठरलेली शांततेची वेळ असते, त्या वेळात गॅलरीत मोठ्याने बोलले तरी शेजारी तक्रार करू शकतात, पुष्कळ दुकाने बंद होतात, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे दिवेलागण झालेली असते. मी तुम्हाला टाळत नाही.

बाबांनी विचारले होते की, प्राचीन ग्रीक नाट्यगृहांपैकी पूर्ण गोल असेल ते सर्वांत जुने, असे मानावे काय. तसे मानता येत नाही. थोरिकोस या प्राचीन गावचे नाट्यगृह इ.स.पू. ५०० च्या सुमाराचे आहे, पण गायकवृंद जिथे नाचत असे ती मोकळी जागा, म्हणजे ऑर्केस्ट्रा, तिथे लांबट आणि ओबडधोबड असून समोरच्या मधल्या पायऱ्या जवळजवळ सरळ रेषेत आहेत. एपिडॉरसचे सुमारे २० मीटर व्यासाचे देखणे वर्तुळ इ.स.पू. चौथ्या शतकातले, म्हणजे बरेच नंतरचे. दर्शनी खांबांचा उंच दगडी रंगमंच त्याहूनही पुढच्या, हेलेनिस्टिक म्हणजे सिकंदरानंतरच्या काळात रुळला, आणि रोमन काळात ऑर्केस्ट्रा अर्धवर्तुळावर आला.

मात्र एकाच वास्तूत हे सारे थर एकमेकांवर चढलेले असतात. इथल्या डायोनिसस देवाच्या नाट्यगृहाचे दगडी प्रेक्षागार इ.स.पू. ३३० च्या सुमारास अथेन्सचा मुत्सद्दी लायकर्गस याच्या कारभारात पूर्ण झाले, तर ऑर्केस्ट्राची संगमरवरी फरशी आणि कठडा रोमन काळातले आहेत. रंगमंचाच्या दर्शनी भागात तर जुनी शिल्पे काढून पुन्हा बसवलेली आहेत. म्हणून आकारापेक्षा पायावर माझा अधिक विश्वास आहे: दगड कोणत्या जातीचा, तो जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या खाचा कशा, आणि पायाखालच्या अबाधित मातीत सर्वांत अलीकडचे खापर कोणत्या काळातले, कारण बांधकाम त्या खापराहून जुने असूच शकत नाही. हे काम मनापासून आवडते, बाबा. ते पोटापाण्याचे नाही असे काका म्हणतात, तरी माझे भागते.

ताईच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. उत्खननाचा हंगाम तेव्हाच आहे, आणि तिकिटाचे पैसे जमले असते तरी मला सुटी मिळाली नसती. त्याऐवजी शिष्यवृत्तीतून वाचवलेली रक्कम बाबांच्या खात्यात पाठवत आहे. ती हप्त्यात घालू नये, ताईच्या पैठणीसाठीच ठेवावी. माझ्यासाठी आलेल्या स्थळाला प्रबंध पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगावे, आणि ते थांबणार नसतील तर आईने मनाला लावून घेऊ नये. ताईच्या लग्नाला मी नक्की येईन.

आपली,
मधुरा