पेटीवाल्या काकांना, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीकडून

ति. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही व्हॉट्सॲपवर नाही आणि फोनवर मला असलं काही बोलता येत नाही, म्हणून चारचौघांत लिहितेय. सूनबाई वाचून दाखवतील. नौपाड्यातली आपली बिल्डिंग रिकामी करायची वेळ आली, तुम्ही बदलापूरला गेलात, आम्ही घोडबंदर रोडला. त्या गडबडीत टेम्पोत पेटी नीट बसली का, एवढंच विचारलं मी. आभार मानायचे राहूनच गेले.

मागच्या पावसाळ्यात मी गॅलरीत उकुलेलेवर, म्हणजे त्या चार तारांच्या चिमुकल्या गिटारवर, फ्लामेन्को हे स्पेनचं संगीत बडवत होते. (‘बडवत’ हा शब्द तुमचाच.) ए मायनर, जी, एफ, ई असे चार कॉर्ड. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातली ही उतरती चाल शिकणाऱ्याला सगळ्यात आधी भेटते. ई वाजला की मी घाईघाईने ए मायनरवर येऊन थांबायचे. शिवाय ई मेजर हे उकुलेलेवरचं दुखणंच: चौथ्या पडद्यावर (फ्रेटवर) तीन बोटं दाटीवाटीने बसवायची, लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी.

खालच्या गॅलरीतून तुम्ही विचारलंत, "अगं, तुझा सा कुठला?"

मी म्हटलं, "ए."

तुम्ही काही न बोलता पेटीवर पांढरी तीन दाबून धरलीत. म्हणजे ई. "आता वाजव." वाजवलं, आणि ई आल्यावर पुढे कुठे जावंसंच वाटेना. गेले चार महिने मी मुक्कामाच्या स्टेशनवर उतरून पुन्हा गाडीत चढत होते.

दुसरा सल्ला त्याहून मोलाचा. "सा मोकळ्या तारेवर ठेव, तंबोरा आपोआप लागेल." उकुलेलेची शेवटची तार ए, म्हणजे तुमची पांढरी सहा. तिला सा मानलं तर चार मोकळ्या तारा होतात कोमल नी, कोमल ग, प, सा. न दाबताच निम्मी भैरवी! मग चाल झाली डी मायनर, सी, बी फ्लॅट, ए. गिटारवाले याला ‘पोर मेदियो’ म्हणतात, हे मला फार नंतर कळलं.

आपण रात्री साडेदहापर्यंत त्या ए तारेला हात न लावता बोटं शोधत बसलो होतो. शेवटी जमलं: २२१०, ००००, ३२१०, २१०० (जी, सी, ई, ए या क्रमाने प्रत्येक तारेचा दाबायचा पडदा; शून्य म्हणजे मोकळी तार). चारही वेळा शेवटी शून्य, म्हणजे सा वाजतच राहतो. मधल्या ०००० ला पुस्तकात सी सिक्स्थ म्हणतील, म्हणोत. खरी गंमत ३२१० मध्ये आहे. उकुलेलेची पहिली, ‘जी’ सुराची तार जाड आवाजाची नसते, वरच्या पट्टीत लावलेली असते. त्यामुळे तिच्या तिसऱ्या पडद्यावरचा कोमल रे आणि मोकळा सा अगदी खांद्याला खांदा लावून घासतात. ते बोट एक पडदा मागे घेतलं की दोन्ही तारांवर एकच सा. तुम्ही तेव्हा "हां!" म्हणालात, ती दाद मी अजून जपून ठेवलीय.

शेवटच्या ए मेजरमधला शुद्ध गंधार मात्र मला चुकल्यासारखा वाटत होता. वाटेत कोमल, घरी आल्यावर शुद्ध, हे काय? तुम्ही बसंत मुखारी राग वाजवून दाखवलात: पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, भैरव; उत्तरांगात, वरच्या अर्ध्यात, भैरवी. फ्लामेन्कोवाले दोन्ही गंधार ठेवतात आणि शुद्ध गंधार बहुतेक त्या घरच्या कॉर्डसाठी राखतात, हे मग कानाला पटलं. लगेच तुम्ही दटावलंतही, "सूर सारखे म्हणजे राग नव्हे. तिकडे जाऊन भैरवी वाजवते म्हणून सांगू नकोस." नाही सांगत.

तालावर मात्र तुम्ही अडलात, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. सोलेआ या फ्लामेन्को प्रकाराचं चक्र बारा मात्रांचं, पण जोर १२, ३, ६, ८, १० वर. "बाराव्यावर सम?" असं म्हणून तुम्ही एकतालाची दोन-दोनची सहा घरं धरून बसलात. मग पेटीच्या झाकणावर तीन-तीन-दोन-दोन-दोन अशी बोटं वाजवलीत आणि काकू आतून ओरडल्या, झाकण फुटेल म्हणून.

रासगेआदो, म्हणजे करंगळीपासून एकेक बोट नखाने तारांवर उधळणं, अजून जमत नाही. करंगळी ऐकत नाही.

पुढच्या रविवारी दुपारच्या गाडीने बदलापूरला येतेय. पेटी काढून ठेवा. सा पांढरी सहा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची